लांब बाह्यांचं झंपर

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं, शाळेच्या स्वयंपाकखोलीत चुलीपुढं उभं राहवत नव्हतं, आणि रेणुका लांब बाह्यांचं झंपर घालून खिचडी हलवत होती. तिच्या जोडीला काम करणारी दीपमाला कांदा चिरता चिरता हसली.

“काय गं, थंडी वाजायली का तुला? का संध्याकाळी कुणाच्या लग्नाला निघालीस?”

“डास लई झालेत,” रेणुका म्हणाली आणि पातेल्याकडं वळली.

बाहीच्या आत मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. त्यातले काही फोड पाण्यानं भरले होते. मानेवरही तसाच एक पट्टा होता, तो पदराखाली झाकलेला. घामानं सगळं चुरचुरत होतं, पण खाजवायची तिला छाती होत नव्हती. नख लागलं आणि कातडी सुटून हातात आली तर? असं होतं, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

रेणुका मूळची किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा ती अगदी लहान होती. माळवदाखालून तिला काढलं तेव्हा डोक्याला मोठी खोक होती. ती भरून आली, केस उगवले, घरचे विसरून गेले. न्हाण आल्यानंतर तिला पहिल्यांदा फेफरं आलं. मग अंगारे झाले, भानामती उतरवणारे झाले, कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. लग्न होऊन ती लातूरला आली. नवरा नरसिंग डाळमिलमध्ये कामाला. त्यानं आणि सासूनं ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. शेजारणींनी विचारलं तर सासू साखराबाई सांगायच्या, “पित्ताची चक्कर हाय तिला.” एकदा भाकरी भाजताना झटका आला आणि रेणुकाचा उजवा तळवा तव्यावर पडला. त्याचा डाग अजून होता. तेव्हापासून साखराबाई तिला एकटीला चुलीपाशी बसू देत नसत. न्हाणीचं दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही, असा दंडक होता. ती अंघोळीला गेली की म्हातारी बाहेर पाट टाकून बसायची आणि पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची, “रेणे, हायेस ना?”

शेवटी लातुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मंजुश्री भेटल्या. बाई उदगीरच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी डोक्याला तारा लावून आलेख काढला, मोठ्या मशीनमध्ये फोटो काढला आणि पडद्यावर एक लहानसा पांढुरका ठिपका दाखवला. “ही तुमची भानामती. भूकंपातल्या जखमेचा वण आहे. झटका इथून सुटतो.”

त्या दवाखान्यात फिटच्या एका जुन्या गोळीवर संशोधन चाललं होतं. गोळी गुणकारी, पण एखाद्याच माणसाला ती सोसत नाही, अंगभर फोड येतात, भाजल्यासारखी कातडी सुटते, जिवावर बेततं. असा माणूस गोळी देण्याआधीच रक्तावरून ओळखता येतो का, ते या डॉक्टर तपासत होत्या. रेणुकाचं रक्त घेतलं. निकाल आला की तिला धोका दिसत नाही. मगच गोळी सुरू झाली.

“पण तपासणी नवी आहे,” डॉक्टरांनी बजावलं होतं. “अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, डोळे लाल झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. लगेच फोन करायचा. आणि आम्हाला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही.”

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. झटका आला नाही. रेणुका एकटी चूल पेटवू लागली, शाळेत कामाला लागली. आणि एके सकाळी साखराबाई म्हणाल्या, “आता काय मी पाट टाकून बसत न्हाई. लाव कडी.” त्या दिवशी रेणुकानं कडी लावली आणि अंगावर पाणी घ्यायचं विसरून नुसती उभी राहिली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा बंद दाराआड एकटी होती.

आता त्याच दाराआड ती रोज अंगावरचं पुरळ बघत होती. कडी असल्यामुळं दुसरं कुणी बघत नव्हतं.

फोन करावा, असं रोज वाटायचं. पण फोन केला की गोळी बंद होणार. गोळी बंद झाली की चूल गेली, शाळा गेली, कडी गेली. आणि उकळत्या खिचडीसमोर, भोवती ताटं घेऊन पोरं बसलेली असताना तिला झटका आला तर? हा विचार आला की ती चुलीपासून पाऊलभर मागं सरायची. दुसरा विचार यायचा कातडीचा. स्टीलच्या ताटात बघून ती जीभ बाहेर काढायची, गालाच्या आत बोट फिरवायची. तोंड आलेलं नव्हतं. उद्या बघू, असं म्हणत ती पुन्हा लांब बाह्या चढवायची.

मग एका सकाळी तिची उजवी पापणी सुजून डोळा निम्मा मिटला. न्हाणीत आरशाचा तुकडा होता. त्यात तिनं तो डोळा बघितला. ती ओल्या फरशीवर बसली. हातातला तांब्या सुटला आणि घरंगळत गेला.

बाहेरून साखराबाईंची हाक आली. “रेणे? रेणे! काय पडलं? कडी काढ!”

तिनं सरकत जाऊन कडी काढली. म्हातारीला वाटलं, झटकाच आला. पण सून शुद्धीवर होती, झंपरावरून लुगडं घट्ट लपेटून बसली होती.

“आत्या, गोळी बाधली मला. अंग फुटून निघालंय.”

“डॉक्टरीण म्हणली होती ते?”

रेणुकानं होकाराची मान हलवली. साखराबाईंचा चेहरा पांढरा पडला. काय झालंय ते बघायचंही त्यांना सुचलं नाही. “झाक, झाक, वारं लागू देऊ नगंस,” म्हणत त्यांनी तिच्यावर चादर टाकली आणि तशाच अनवाणी ऑटो बघायला धावल्या.

डॉक्टर मंजुश्रींनी चादर बाजूला केली. एक बाही वर सरकवली, मग घाईनं दुसरीही. रेणुका त्यांच्या तोंडाकडं बघत होती. डॉक्टरसुद्धा घाबरतात, हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“कधीपासून?”

“लई दिवस न्हाई झाले, मॅडम.”

“आणि फोन नाही केलात.” आवाज चढला नाही, पण धारदार झाला. “या गोळीवर माझ्याकडं आणखी माणसं आहेत, त्यांच्याही जिवाचा प्रश्न आहे, रेणुकाताई.”

त्यांनी तोंडात बॅटरी मारली, पापण्या उलटून बघितल्या, ताप बघितला, बोटानं कातडी दाबून सरकते का ते बघितलं. मग हात उजेडात धरून पुन्हा निरखला. फोड कुठंही विखुरलेले नव्हते. पट्ट्यापट्ट्यांनी उठले होते, कुणी बोटं ओढावीत तसे.

“दुसरं काही औषध घेतलंत?”

“न्हाई.”

“गावठी? जडीबुटी? कुणी दिलेला काढा?”

“देवाची शपथ, मॅडम. एक पानसुदिक खाल्लं न्हाई.”

ती खरं बोलत होती. डॉक्टरांनाही ते पटलं असावं, कारण त्या आणखी काळजीत पडल्या. त्यांनी पाठ बघितली, पोटऱ्या बघितल्या, आणि शेवटी तळपाय. टाचेवर काळे, ठसठशीत डाग होते.

“हे काय?”

“ते बिब्बा हाय.” हळद आहे, असं सांगावं तसं रेणुकानं सांगितलं. “उभं राहून टाच लई दुखायली होती. आत्यांनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला अन् चटके दिले. मी हातानं टाच धरून बसले होते.”

“मी विचारलं तर औषध नाही म्हणालात.”

“ते काय औषध हाय का? बिब्बा हाय की.”

दाराशी उभ्या असलेल्या साखराबाई पुढं आल्या. त्यांनी सुनेचा हात धरला, डोळे बारीक करून बघितलं. “आगं बया! उतलाय की गं बिब्बा, त्याचेच फोड हायेत हे! तेल लागलेल्या त्याच बोटांनी घाम पुसलीस, मान खाजवलीस. मला दाखवायचं तरी!” आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं की चटके आपणच दिले होते. त्या खाली बसल्या. “पर आजवर कधी उतला न्हाई गं. दरसाल लावते की मी.”

“अंग एखाद्या वर्षी ऐकत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “टाचेची कातडी जाड, तिथं काही झालं नाही. पातळ कातडीवर फुटलं. मलाही बिब्बाच दिसतोय.”

“मग गोळी चालू ठेवा,” रेणुका घाईनं म्हणाली.

“नाही. दिसतोय एवढ्यावर मी गोळी चालू ठेवणार नाही. आज बंद. त्याबदली दुसरं औषध देते. तुम्ही इथंच राहायचं.”

रेणुकानं टेबलाची कड धरली. “मॅडम, पाया पडते. फिट आली तर?”

“म्हणूनच इथं.”

वॉर्डातले ते दिवस फार वाईट गेले. कातडीच्या डॉक्टरांनी फोडाजवळचा बारीक तुकडा काढून तपासायला नेला. रक्त पुन्हा पुन्हा घेतलं. नर्सनं पायऱ्यांपाशी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि पलंगाला कठडे लावले होते. डोळ्यांपुढं जरा अंधारी आली की रेणुकाला वाटे, आला. साखराबाई बिब्ब्यावरचा उतारा म्हणून खोबऱ्याचा तुकडा चावून फोडांवर लावायला निघायच्या, नर्स त्यांना हटकायची. नरसिंग मिलमधून परस्पर यायचा, अंगावर डाळीची भुकटी, आणि कठड्याला हात लावून उभा राहायचा.

फोड सुकत गेले. नवे आले नाहीत. तपासण्यांतही गोळीकडं बोट दाखवणारं काही निघालं नाही. डॉक्टर मंजुश्री तळहातावर ती पांढरी गोळी घेऊन आल्या.

“पुन्हा सुरू करायची. थोडीशीच, माझ्यासमोर. नंतर दिवसभर मी इथंच आहे. तुमची तयारी असेल तरच.”

“तुमाला भ्या वाटतंय का, मॅडम?” रेणुकानं विचारलं.

डॉक्टरांनी तळहातावरच्या गोळीकडं बघितलं. “वाटतंय,” त्या म्हणाल्या.

त्या उत्तरानं रेणुकाला धीर आला नाही, पण हात पुढं करता आला. तिनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली. मग झंपराच्या बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या आणि दोन्ही हात चादरीवर उघडे ठेवले. साखराबाईंनी पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि त्या हातांकडं बघत बसल्या, दूध वर येतंय का ते बघत बसावं तशा.

“रेणे,” थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, “हायेस ना?”

“हाय, आत्या.”