विमानं म्हातारी करणारा रंगारी

असं समजा, की तुमच्या हातात स्प्रे गन आहे आणि समोर तुमच्यापेक्षा वयाने थोडंच लहान असलेलं एक जेट विमान उभं आहे. ते असं रंगवायचं, की माना वर करून बघणाऱ्या हजारो लोकांना ते कालच कारखान्यातून आल्यासारखं वाटलं पाहिजे. जुना रंग आधी पूर्ण खरवडायचा, नाहीतर थरावर थर चढून नाकापेक्षा मोती जड व्हायचा. शेपटीचा हलणारा भाग रंगवला, की त्याचा तोल पुन्हा तपासून घ्यायचा. आणि पोटावरचा लाल पट्टा असा ओढायचा, की सगळी विमानं पंखाला पंख लावून उडाली म्हणजे आकाशात एकच सलग रेघ दिसावी. जमेल? मामांना जमायचं. सगळा घोटाळा तिथेच होता.

मामा म्हणजे हवाई कसरती करणाऱ्या लष्करी पथकाचे रंगारी. त्यांची भाची लहानपणी शाळा सुटली की हँगरमध्ये येऊन ‘मामा, मामा’ करत त्यांच्यामागे फिरायची. तेव्हापासून शिपायापासून पथकप्रमुखांपर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. पुढे भाची वैमानिक झाली आणि त्याच पथकात डाव्या टोकाचं विमान उडवू लागली. हँगरमध्ये मामा तिला कडक सलाम ठोकत आणि घरी आल्यावर मोरीतला दिवा चालू ठेवला म्हणून ओरडत.

हँगरच्या दारावर एक पाटी होती, ‘नवी विमाने लवकरच’. पाटी मामांनीच रंगवलेली, आणि उत्साहाच्या भरात ‘लवकरच’ लाल रंगात. उन्हात लाल रंग सगळ्यात आधी उडतो. त्यामुळे थोड्याच दिवसांत तिथे नुसतं ‘नवी विमाने’ उरायचं, पाहुणे आत डोकावून ती शोधायचे आणि मामांना पुन्हा शिडी लावावी लागायची.

नवी विमानं घ्यायची की नाही हे ठरवायला समित्या यायच्या. त्या नेमक्या कसरतींच्या दिवशी यायच्या, कारण मंडळींना बायकापोरांनाही कार्यक्रम दाखवायचा असे. मामांनी घासूनपुसून, रंगवून, चमकवून उभी केलेली विमानं बघून समितीवाले एकमेकांना म्हणत, अहो, ही तर नवीकोरी आहेत. मग चहा होई आणि विषय संपे. पथकातले मेकॅनिक चिडवत, ‘मामा, तुम्ही हात आखडला असता तर आम्ही कधीच सुटलो असतो.’ मामांना ती स्तुतीच वाटायची.

एके दिवशी भाची सरावाहून घरी आली आणि तिने टेबलावर एक स्क्रू ठेवला. विमान उलटं झालं तेव्हा तो कुठूनसा निसटून तिच्या डोक्यावरच्या काचेवर टपकला होता. मेकॅनिकांनी विमान उघडून सगळं तपासलं. प्रत्येक भोकात स्क्रू जागच्या जागी होता. तेव्हा हा जास्तीचा असणार, असा निर्वाळा देऊन त्यांनी झाकण लावलं. भाची हे हसत सांगत होती. ताई, म्हणजे भाचीची आई आणि मामांची थोरली बहीण, हसत नव्हती.

भाची झोपायला गेल्यावर ताई म्हणाली, “विमानं तूच रंगवतोस ना?”

“मग दुसरं कोण?”

“मग जरा वाईट रंगव.”

“वाईट मला येत नाही, ताई.”

“शीक. या वयात लोक पोहायला शिकतात.”

योगायोग असा, की त्याच आठवड्यात पथकप्रमुखांनी मामांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. पुढची समिती कसरतींच्या दिवशी नाही, साध्या दिवशी येणार होती. साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि मग हळूच सांगितलं, की विमानं या खेपेला वयाला शोभतील अशी दिसली तर बरं.

भाचीने आणलेला तो स्क्रू खिशात टाकून मामा कामाला लागले. पहिल्यांदा पट्टा वाकडा ओढायला गेले, तर हात आपोआप सरळ झाला. वाईट काम काही जमेना. मग त्यांनी ठरवलं, म्हातारपणच चांगलं रंगवायचं. आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या नीट न्याहाळल्या आणि बारीक ब्रशने तशाच चिरा पंखांच्या मुळाशी काढल्या. इंजिनाखाली तेलाचे ओघळ काढले. अ‍ॅल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, पण मोह आवरेना, म्हणून तोही थोडा शिंपडला. काम इतकं हुबेहूब उतरलं, की एक मेकॅनिक चीर बघून टॉर्च आणायला धावला. मामा त्या दिवशी जेवताना दोनदा स्वतःशीच हसले. ताई म्हणाली, ‘आता कसा!’

समिती आली. अध्यक्षांनी विमानांभोवती सावकाश फेरी मारली, ओघळांपाशी थांबले, गंज पाहून मान हलवली. पथकप्रमुखांचा चेहरा खुलत चालला होता.

“एवढं नावाजलेलं पथक,” अध्यक्ष म्हणाले, “आणि रंगाची ही दशा? रंगारी कोण?”

मामा पुढे झाले. आता बोललो नाही तर कधीच नाही, असं वाटून त्यांनी खिशातला स्क्रू काढून अध्यक्षांच्या तळहातावर ठेवला. “साहेब, उलटं उडताना हा माझ्या भाचीच्या डोक्यावरच्या काचेवर पडला. कुठला आहे ते कोणालाच सांगता येत नाही.”

अध्यक्षांनी स्क्रू उजेडात धरून फिरवून पाहिला.

“बघा,” ते समितीला म्हणाले, “याचासुद्धा रंग उडालाय.”

स्क्रू मामांना परत मिळाला आणि चहाच्या वेळीच निर्णय झाला. रंगकामासाठी भरघोस निधी मंजूर. मामांना निवृत्तीनंतर मुदतवाढ. नव्या विमानांचं रंगाचा परिणाम पाहून मग बघू. पथकप्रमुखांनी मामांचं अभिनंदन केलं, पण नजरेला नजर दिली नाही.

घरी ऐकून ताई एवढंच म्हणाली, “म्हणजे गावाचा मामा होतास, आता समितीनेही बनवला.”

नवी दिसतील तर नवी नकोत, जुनी दिसतील तर रंग हवा. इकडे आड, तिकडे विहीर. मामांनी चिरा खरवडल्या, गंज पुसला आणि पट्टे ओढले. हात या वेळीही वाकडा चालला नाही. दारावरचं ‘लवकरच’ त्यांनी या खेपेला काळ्या रंगात काढलं, म्हणजे टिकेल.

कसरतींच्या दिवशी लाल रेघ आकाशात अशी सलग उमटली, की शेजारच्या बाईंनी टाळ्या पिटत मामांना सांगितलं, बघा, कशी नवीकोरी विमानं आहेत. मामांनी रेघेकडे पाहिलंच नाही. त्यांचे डोळे डाव्या टोकावर होते. ते विमान उलटं झालं तशी त्यांची खिशातली मूठ वळली. सुलटं होईपर्यंत ती सुटली नाही.

अजूनही तो स्क्रू त्यांच्या खिशात असतो. हँगरमध्ये कुणी नवा इंजिनिअर आला, की मामा आधी त्याला चहा पाजतात, त्याच्या शिक्षणाची चौकशी करतात आणि मग मूठ उघडून विचारतात, “तेवढं सांगा बुवा, हा नेमका कुठला?”