डाव्या बाजूची काच

देवासच्या आमच्या औषध कारखान्यात नीरजाताई घाटगे एकोणीस वर्षं इंजेक्शनच्या बाटल्या तपासत होती. बाटली हलकेच फिरवायची, काळ्या पाटीसमोर पाच सेकंद धरायची, मग पांढऱ्या पाटीसमोर पाच. आत धागा किंवा काचेचा कण दिसला की लाल ट्रेमध्ये. मी शेजारच्या स्टुलावर बसायचे. मला दिवसातून चार सापडल्या तर तिला अकरा. नवीन मुलींना साहेब सांगायचे, "घाटगे मॅडम के पास बैठो, नजर सीखो."

आमची घरंही शेजारीच. तिचा नवरा योगेंद्र एका खाजगी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये होता. मूलबाळ नव्हतं, त्याचा सगळा जीव गच्चीवरच्या दुर्बिणीत. तो कधी ओरडायचा नाही, हात उचलायचा नाही. समोरचा चुकला की त्याला बरं वाटायचं, एवढंच. भाजी खारट झाली तर गुपचूप जेवायचा आणि हात धुतल्यावर विचारायचा, "आज किती चमचे मीठ घातलंस?"

गेल्या दिवाळीला त्याने दुर्बिणीला लावायचा बायनोव्ह्यूअर आणला. त्यात दुर्बिणीतला उजेड दोन वाटांनी फुटतो आणि दोन आयपीसमधून दोन्ही डोळ्यांनी बघता येतं. चंद्र सपाट दिसत नाही, हातात घ्यावा असा गोल वाटतो. पण उजेड डोळ्यांना सोसत नाही, म्हणून फिल्टर लावायचा, म्हणजे नाण्याएवढी करडी काच. उजेड फुटायच्या आधी एकच लावला तर दोन्ही डोळ्यांचं काम भागतं. नाहीतर दोन्ही आयपीसखाली एकेक लावायचा, पण तेव्हा जोडी अगदी सारखी हवी, नाहीतर डोकं धरतं. हे सगळं योगेंद्रभावजींनी मला दोनदा समजावलं होतं.

दिवाळीनंतरच्या अष्टमीला, देवीच्या टेकरीवरचे दिवे नुकते लागले होते तेव्हा, त्यांनी आम्हा दोघींना वर बोलावलं. ताईने आधी बघितलं. "छान दिसतंय," म्हणाली. मग मी डोळे लावले.

"भावजी, डावीकडे अंधार आहे हो."

त्यांनी काचा काढून बघितल्या. डावीकडे चुकून फार गडद फिल्टर लागला होता. "अरे, गडबड हो गई," म्हणून ते हसले. मग बायकोकडे जरा वेळ बघत राहिले. मी विसरून गेले. ते विसरले नाहीत.

जानेवारीत कारखान्यात डोळ्यांची तपासणी झाली. डाव्या डोळ्याने तक्ता वाचताना ताईने उजव्यावरचा तळवा किंचित सैल धरला होता. मला दिसलं. जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर म्हणाली, "धूर दिसतो गं. मोतीबिंदू असेल. आत्ता सांगितलं तर स्टूल जाईल. कुणाला बोलू नकोस." त्या बाटल्या कुणाच्यातरी शिरेत जाणार हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मी कुणाला बोलले नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात भावजींनी आमच्या क्वालिटीच्या मोठ्या साहेबांना, भैयासाहेबांना, घरी बोलावलं. मीही होते. संध्याकाळचे सात वाजले होते, अर्धा चंद्र डोक्यावर होता. ताई कचोऱ्या आणायला खाली गेली तेव्हा भावजींनी डाव्या आयपीसखालचा फिल्टर काढला आणि त्या जागी काळा कागद डकवलेली काच फिरवून बसवली.

"भैयासाहेब, मजा देखो. काही बोलू नका."

ताई वर आली. भावजी म्हणाले, "नवीन जोडी लावलीय. दोन्हीकडे सारखं दिसतंय का बघ बरं."

तिने डोळे लावले. "हो, सारखंच. डावीकडे तर जास्त स्वच्छ आहे."

आम्ही हसलो. मीसुद्धा. भैयासाहेब सगळ्यात मोठ्याने हसले, आणि मग एकदम थांबले.

"मॅडम, दाहिनी आँख बंद करके बताइए."

ताईने उजवा डोळा मिटला. काळ्या कागदाला डोळा लावून ती सांगत राहिली, "खड्डे दिसतायत... कडेला तो मोठा... त्याच्या मधोमध टेकडी..."

"बघितलंत?" भावजी म्हणाले. "पाठ आहे तिला."

सोमवारी भैयासाहेबांनी तिची पुन्हा तपासणी करवली. दुपारपर्यंत ती खोके दुमडायच्या टेबलावर होती आणि महिनाअखेर घरी. तिच्या दिव्याखालची जागा मला दिली. मी घेतली.

इंदूरच्या डॉक्टरकडे ताईने मला सोबत नेलं, भावजीही आले. काचबिंदू निघाला. डावा डोळा पूर्ण गेलेला, उजव्याची कडही खात आणलेली. डॉक्टरांनी विचारलं, "कब से है?"

ताई काही बोलायच्या आत भावजींनी खिशातून वही काढली आणि वाचायला लागले. "नोव्हेंबर. डावीकडे गडद काच, फरक कळला नाही. डिसेंबर. डावीकडे काचच नाही, म्हणाली उजेड टोचतोय. जानेवारी. तसंच ठेवलं, म्हणाली नुसता धूर. फेब्रुवारी. तसंच ठेवलं, काहीच म्हणाली नाही."

डॉक्टर त्यांना म्हणाले, "दिसंबर में रोशनी चुभ रही थी? तब ले आते भाईसाहब. कुछ तो बच जाती."

ताई नवऱ्याकडे वळली. ते डाव्या बाजूला बसले होते, म्हणून तिला मान पूर्ण फिरवावी लागली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एका निरीक्षणावरून काही ठरवता येत नाही," ते म्हणाले. "तीन-चार तरी हवीत. आणि तू तरी कुठे सांगितलंस?"

बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "अल्पना, डावीकडे जास्त स्वच्छ म्हणाले ना मी, तेव्हा तू पण हसलीस."

आता उजव्या डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब घालायचे असतात. भावजी घड्याळ लावून घालतात, एक वेळ चुकू देत नाहीत, आणि त्याच वहीत टिपून ठेवतात. गच्चीवर पाहुणे येतात. कॉलेजातले, आकाश बघणाऱ्या मंडळातले. त्यांना भावजी बायनोव्ह्यूअर दाखवतात, फिल्टरची जोडी सारखी का हवी ते समजावतात, आणि मग दोन नाण्याएवढ्या काचांनी घरातला आजार कसा पकडला ते सांगतात. तारखांसकट. ताई चहा घेऊन तिथेच उभी असते.

गेल्या रविवारी एक पाहुणा तिला म्हणाला, "भाभीजी, किस्मतवाली हो, ऐसा आदमी मिला."

"जी," ताई म्हणाली आणि कठडा चाचपत जिना उतरली.