अक्का खिडकी उघडायची

अक्का घरात शिरली की आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. फोडणीचा वास शेजारी जाऊ नये म्हणून मी ती घट्ट लावून ठेवत असे. घर भाड्याचं, मालक चिनी. उगाच तक्रार नको. "वास काय चोरून आणलाय, मॅडम?" अक्का विचारायची. इंग्रजी तमिळ वळणाचं, पण टोमणा मला अस्सल मराठीत ऐकू यायचा.

सिंगापूरमधल्या बेडोकच्या आमच्या कॉन्डोत ती चार घरं साफ करायची. तिचा जन्म इथलाच आणि मी कालची आलेली, तरी मॅडम मी. तिची साठी उलटलेली, मधुमेह, उजव्या पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम. जवळच्या क्लिनिकमध्ये ड्रेसिंग करून मगच ती कामाला यायची. "पाय आहेत तोवर मी आहे," म्हणायची, आणि खुर्ची दिली तरी बसायची नाही.

ती ज्या फ्लॅटमधल्या खोलीत राहायची, तो मालकाने विकला. दुसरी खोली जवळपासच हवी होती, आणि फोनवर तिचा आवाज ऐकूनच लोक नाही म्हणत होते. मी म्हटलं, मी बोलते. बँकेतली नोकरी, चांगलं इंग्रजी. मला कोण नाही म्हणणार! ज्या एजंटने मला हे घर दिलं त्यालाच फोन लावला. भांडी विसळणाऱ्या अक्कालाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

"इंडियन आह? ओनर नको म्हणतो लाह."

"अहो, मीही इंडियनच आहे की!"

"यू डिफरंट लाह. तुम्हीच सांगितलं ना, आम्ही त्या इंडियन लोकांसारखे नाही, घरात वास करत नाही."

सांगितलं होतं खरं. पुणं, बँक, सगळं सांगून झाल्यावर शेवटी हेही. आमच्यातले बरेच जण सांगतात, आणि घर मिळतं. अक्काने नळ बंद केला. हात पुसत म्हणाली, "राहू द्या, मॅडम. वुडलँड्सला बघते."

तिथे खोली मिळाली, पण यायला दीड तास. तिथलं क्लिनिक उघडायच्या आत ती ट्रेनमध्ये असायची. रजा घ्यावी तर कामाचं घर सुटायचं, म्हणून ड्रेसिंग सुटलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल. चारही घरांनी दुसरी बाई शोधली. त्या चारांत माझंही घर होतं, हे लिहिताना लाज वाटते.

हॉस्पिटलात भेटायला गेले, माफी मागायची ठरवून. नेलेली फळं टेबलावर मांडत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "खिडकी उघडता ना?"

मी हो म्हणाले. गेल्या आठवड्यात भाडेकरार पुन्हा वाढवून मिळाला. खिडकी बंदच आहे.