गोदीतलं बाळ

उमरेडच्या कौसल्याबाईंचा संघपाल पहिल्यांदा समुद्राकाठी गेला, तेव्हा गोदी म्हणजे आईची मांडी एवढंच त्याला ठाऊक होतं. आमच्या नागपूरकडे गोदीला दुसरा अर्थच नाही. किनाऱ्यावर नवं बंदर उभं राहत होतं आणि मुकादम मनोहरराव माणसं भरत होते.

"गोदीत काम केलंयस कधी?" त्यांनी विचारलं.

"गोदीत कोन काम करते जी? गोदीत तं लेकरू झोपते."

असा हशा पिकला म्हणता! त्या दिवसापासून संघपालचं नाव पडलं, गोदीतलं बाळ.

बंदर वाढलं. खाडीचा चिखल बुजला, पाठीवरची पोती गेली, लोखंडी डबे आले आणि ते उचलायला उंचच उंच क्रेन आल्या. हुक अडकवणारा संघपाल क्रेन चालवू लागला, पण नाव काही सुटलं नाही. तेही त्याने गिळलं असतं. पोटासाठी माणूस काय काय गिळतो.

मग आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. तो सुट्टी मागायला गेला, तर मनोहरराव चारचौघांत म्हणाले, "बाळाला गोदी आठवली वाटतं! जहाज रिकामं होऊ दे, मग जा." जहाज रिकामं झालं. संघपाल उमरेडला पोचला तोवर आईची राखसुद्धा गार झाली होती.

त्याने डूख धरला तो तेव्हापासून.

पुढे बंदराला किनारा पुरेनासा झाला. नागपुरातच कोरडं बंदर निघालं. तिथे ना पाणी ना जहाज, नुसते डबे आणि ते समुद्रापर्यंत नेणारी मालगाडी. अनुभवी माणूस म्हणून संघपाल तिथे यार्डाचा साहेब झाला. वेळ टळून आलेला डबा चढवायचा की ठेवायचा, हे त्याच्या हातात होतं. तो बहुतेकदा चढवायचा.

गेल्या हिवाळ्यात एक म्हातारा धापा टाकत आला. धरमपेठेतल्या जावयाची संत्री परदेशी निघाली होती, डब्याला उशीर झाला होता आणि जहाज चुकलं तर माल सडणार होता. संघपालने आवाजावरूनच मनोहररावांना ओळखलं. त्यांनी याला ओळखलं नाही.

"मी गोदीतलं बाळ," तो म्हणाला.

म्हातारा खुलला. "अरे, तू होय! मग काळजीच मिटली. आपलाच माणूस!"

"माफी मांगा."

मनोहररावांनी झटकन हात जोडले. "माफ कर बाबा. एकदा नाही, दहादा माफ कर."

"कायची माफी? सांगा बरं."

"तू म्हणशील त्याची रे! आधी डबा तेवढा चढव."

इतकी वर्षं ज्या माफीसाठी संघपाल आतल्या आत जळला, ती भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखी हातात पडली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माह्या मायचं नाव कौसल्या होतं," तो म्हणाला आणि त्याने गाडी सोडायला सांगितली. मनोहरराव डब्यांमधून गाडीमागे धावले, हाका मारत राहिले. गाडी गेली, डबा राहिला.

घरी भावनाने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. "मंग? बरं वाटून राहिलं का जी आता?"

"नाही," संघपाल म्हणाला. "पन तो उद्या परत आला, तं परत हेच करीन."