नाक्यावर सोडलेली नर्स

ती दुपार माझ्या मनातून जात नाही. पोलीस खात्यातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पुराच्या पाण्यातून माणसं बाहेर काढली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण एका मंगळवारी नाक्यावर, उण्यापुऱ्या पाच मिनिटांत, मी जे केलं ते जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. चूक कुणाची होती एवढं मात्र लिहिणार आहे.

कोल्हापूर शहराच्या वेशीवरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. कसबा बावड्याच्या बाजूला आमची नाकाबंदी असायची. उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या, नव्या कॉलन्यांतल्या दुचाकी, सगळी वाहतूक तिथूनच. हेल्मेट, लायसन, विमा बघायचा आणि चुकलेल्याचं ई-चलन करायचं. त्यात आमच्या ठाण्याचा एक अलिखित नियम होता आणि तो मीच घातला होता. नर्सबाईंना अडवायचं नाही. चुकून अडवलंच, तर गळ्यातलं ओळखपत्र दिसताच सोडून द्यायचं.

याला कारण होतं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी मी अकरा दिवस ऑक्सिजनवर होतो. घरच्यांना आत सोडत नव्हते. एक नर्स दिवसातून चार वेळा यायची आणि दटावायची, “पालथं झोपा साहेब, नाहीतर मी रागवीन.” तिचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. मास्कच्या वरचे डोळे तेवढे पाहिले. बरा होऊन ड्युटीवर आलो तेव्हा रस्त्यावरची प्रत्येक नर्स मला तीच वाटायला लागली. हजेरीला मी माझ्या माणसांना सांगितलं, “या बायकांनी आपल्याला जगवलंय. त्यांच्याकडून दंड घ्यायचा नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

त्या मंगळवारी मी नाक्यावर सहज पाहणीला गेलो होतो. आमची एक महिला शिपाई एका पांढऱ्या मोपेडपाशी उभी होती. मलकापूरकडची मुलगी, भरती होऊन तीनच वर्षं झालेली. बोलायला कमी, कामाला चोख. मोपेडवर पांढरा एप्रन घातलेली, चाळिशीच्या आसपासची एक नर्स होती. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पायाशी एक निळी बॅग होती.

मी विचारलं, “काय झालं?”

शिपाई म्हणाली, “साहेब, हेल्मेट न्हाय. आणि ओळखपत्राची मुदत संपून दीड वर्ष झालंय. बॅगेत काय हाय म्हणून विचारलं तर दाखवत न्हाईत.”

नर्स शांतपणे म्हणाली, “ड्रेसिंगचं सामान आहे हो. निर्जंतुक केलेलं आहे, उन्हात कसं उघडू? पेशंट वाट बघतोय.”

आजूबाजूला आठ-दहा गाडीवाले थांबलेले. मला काय हुक्की आली कोण जाणे! मी मोठ्यानं म्हणालो, “अगं, माणुसकीला मुदत असते का? सोड त्यांना. कोरोनात तू लहान होतीस, तुला काय कळणार?”

लोक हसले. एक जण म्हणाला, “बरोबर बोल्ला साहेब!” नर्सने हात जोडले आणि गाडी काढली. शिपायाचा चेहरा उतरला, पण तिनं “होय साहेब” एवढंच म्हटलं. मी मात्र खुशीत ठाण्यावर परतलो. चांगलं काम केल्याचं समाधान होतं, आणि चारचौघांनी ते पाहिल्याचंही.

त्यानंतर नवव्या दिवशी शिरोळकडचे एक वयस्क गृहस्थ ठाण्यात आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. ठाणे अंमलदारानं तक्रार काय म्हणून विचारलं तर म्हणाले, “मोठ्या सायबास्नीच सांगतो.” माझ्यासमोर बसल्यावर पिशवी मांडीवर घेऊन नुसती चाचपत राहिले.

“पावणं, पाणी घ्या आधी,” मी म्हणालो.

“पानी नगं साहेब. माझी लेक दवाखान्यात हाय. दोन पोरी हायत तिला. तिसऱ्या खेपेला सासूनं आन् नवऱ्यानं तपासायला नेलं. पोरगीच हाय म्हनून सांगितलं आन् गोळ्या दिल्या. लई रक्त गेलं, साहेब. डाक्टरनी गर्भपिशवी काढली.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ज्यांनी तपासलं ती मानसं तुमच्याच हद्दीत बसत्यात. उसाच्या रानात घर हाय. एक बाप्या, आन् एक नर्स. दर मंगळवारी.”

अशी माहिती खबऱ्याकडून आली असती तर आधी खातरजमा केली असती. इथे बापच आला होता. मी लगेच सरकारी दवाखान्यात निघालो. बाईमाणसाचा जबाब, म्हणून त्याच महिला शिपायाला बरोबर घेतलं.

मुलगी पंचविशीची असेल. पांढरीफटक पडली होती. शिपाई शेजारच्या स्टुलावर बसून लिहीत होती, मी पायथ्याशी उभा होतो. मुलगी सावकाश सांगत होती. घर नेमकं कुठलं ते तिला माहीत नव्हतं, बावड्यापुढं उसाचं रान लागल्यावर गाडीच्या काचांवर पडदे ओढले होते; नवरा आणि सासू काही सांगायला तयार नव्हते. सोनोग्राफीचं यंत्र लॅपटॉपएवढं होतं, निळ्या बॅगेतून काढलेलं.

“नर्स चांगली हुती,” ती म्हणाली. “मला रडू आलं तर तिनं हात धरला माझा. आमी सकाळपासनं तिचीच वाट बघत बसलोतो. उशीर झाला तिला. आली तवा त्या बाप्याला हसून सांगत हुती, नाक्यावर एका पोलीस पोरीनं अडवलं हुतं, बॅग उघडा म्हनत हुती. पर त्यांचा साहेबच लई भला निघाला, त्यानं सोडलं.”

शिपायाचं पेन थांबलं. तिनं मान वर केली नाही. हळूच विचारलं, “हे लिहू का, साहेब?”

मी लगेच उत्तर दिलं नाही, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. ते वाक्य वगळलं असतं तरी गुन्हा उभा राहिला असता. कुणाला कळलंही नसतं. अंथरुणावरची ती मुलगी काही न समजून माझ्याकडे बघत होती. तो साहेब मीच, हे तिला माहीत नव्हतं.

“लिही,” मी म्हणालो. “ती बोलली तसंच लिही.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, “त्या मोपेडचा नंबर कसा मिळवायचा आता?” शिपायानं खिशातून छोटी वही काढली. त्या मंगळवारच्या पानावर गाडीचा नंबर, वेळ आणि ओळखपत्रावरचं नाव लिहिलेलं होतं. म्हणाली, “काम अर्धवट राहिलं की मी लिहून ठेवते, साहेब.”

तपासाला खरी दिशा त्या वहीनं दिली. परिवहन कार्यालयातून नंबरावरून पत्ता मिळाला. दोन दिवस साध्या वेशात पाळत ठेवली. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्यात पुढाकार आरोग्य खात्याचा असतो, आम्ही मदतीला. त्यांनी एका गरोदर बाईला बनावट गिऱ्हाईक म्हणून जायला तयार केलं, पंच घेतले. पुढच्या मंगळवारी दुपारी आम्ही उसातल्या त्या घरावर छापा घातला. यंत्र चालू होतं. पलंगावर चादर, शेजारी जेलची ट्यूब. चालवणारा माणूस डॉक्टर नव्हताच. कधीकाळी एका क्लिनिकमध्ये मदतनीस होता. पंचनामा करून यंत्र सील केलं. नर्सही तिथेच सापडली. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, म्हणून घाई करून कागद पुरे केले.

चौकशीत पहिल्या दिवशी नर्सचं एकच वाक्य. “मला फक्त यंत्र घेऊन बोलवायचे,” एवढंच. महिला शिपाई सारा वेळ तिच्याजवळ बसून होती. दुसऱ्या दिवशी नर्सनंच तिला विचारलं, “दोन मुलींची ती शिरोळची होती, ती कशी आहे?”

“जगली,” शिपाई म्हणाली. “पण गर्भपिशवी काढली तिची.”

नर्स एकदम तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मग तिनं सगळं सांगितलं. गोळ्या कोण पुरवायचं, गावोगावी गिऱ्हाईक कोण गाठायचं, सगळं. शेवटी मी विचारलं, “यंत्र घेऊन भर शहरातून येताना भीती नाही वाटली?”

ती म्हणाली, “मागून रानातला रस्ता आहे ना साहेब. आधी तिथनंच यायचे. मग कळलं की तुमच्या नाक्यावर नर्सला विचारत नाहीत. मग नाक्यावरनंच यायला लागले.”

मी खोलीबाहेर आलो.

त्याच संध्याकाळी शिपायाला केबिनमध्ये बोलावलं. म्हणालो, “त्या दिवशी माझं चुकलं. तू बरोबर होतीस.”

ती सावधानमध्ये उभी होती. म्हणाली, “साहेब, लहान तोंडी मोठा घास घेते. त्या दिवशी तुम्ही चारचौघांत बोलला होता.”

दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळ्यांसमोर मी ते बोललो. ओठांवर आणायला जड गेलं, पण बोललो. तिनं सॅल्यूट केला आणि रांगेत परत गेली. ती खूश झाली की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

यातून आणखी एक अनर्थ झाला. बातमी पसरली आणि आमच्याच काही लोकांनी नाक्यावर नर्सना अडवून टोमणे मारायला सुरुवात केली. “मशीन हाय का बाई पिशवीत?” असं विचारायचे. ज्या वॉर्डात ती मुलगी होती तिथल्या सिस्टर तडक ठाण्यात आल्या. म्हणाल्या, “साहेब, आम्ही तुमच्याकडं सूट मागितली होती का कधी? तुम्हीच दिलीत. आता तुम्हीच चोर ठरवताय. आमचं लायसन बघा, पिशवी बघा, हेल्मेट नसलं तर दंड करा. फक्त नीट बोला आणि लवकर सोडा, वॉर्डात माणसं असतात.” त्या दिवसापासून नाक्यावर तोच नियम केला.

खटला उभा राहिला तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वकिलानं जबाबातलं ते वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, “हा भला साहेब कोण?”

“मी,” असं मी सांगितलं.

ती मुलगी मागच्या बाकावर वडिलांशेजारी बसली होती. सासर सोडून दोन्ही पोरींना घेऊन ती माहेरी आली होती. कोर्टाबाहेर जिन्यापाशी ती माझ्यासमोर उभी राहिली.

“तुमीच व्हय ते?”

“हो.”

“तवा म्हाईत असतं तर मी तुमास्नी कायबी सांगितलं नसतं,” ती म्हणाली. वडील तिला दटावायला लागले, “असं बोलू नये, साहेबांनीच पकडलं त्यास्नी.” ती जिना उतरून गेली.

दोघा आरोपींना, नर्सला आणि त्या यंत्र चालवणाऱ्याला, शिक्षा झाली. खात्याकडून मला प्रशस्तिपत्र आलं. शिफारस मी त्या शिपायाच्या नावाची केली होती. यादीत तिचं नाव तिसरं होतं, माझं पहिलं.

लोक विचारतात, पोलिसाला दया असू नये का? असावी. पण मी त्या दिवशी नर्सवर दया केली नव्हती. तिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घ्यायला मी नकार दिला. मला स्वतःचा मोठेपणा मिरवायचा होता, आणि त्यासाठी एका इमानदार मुलीला मी लोकांसमोर गप्प केलं. बॅग उघडायला एक मिनिट लागलं असतं. त्या वेळी उसातल्या घरात एक बाई सकाळपासून वाट बघत बसली होती, आणि तिच्या पोटातलं मूल तोवर जिवंत होतं.