शिकारीच्या यादीतली माझी ओळ

आमच्या तिघांपैकी बंदूक हातात धरलेला मी एकटाच होतो, आणि तीसुद्धा कॉलेजात, एनसीसीमध्ये. पाच गोळ्या मिळाल्या होत्या. त्यातल्या दोन शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर लागल्या आणि त्याला शाबासकी मिळाली. एवढ्या भांडवलावर आम्ही न्यूझीलंडला हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलं होतं. हे लिहिताना खरं तर मला हसू यायला हवं. येत नाही.

सिंगापुरात आम्ही एकमेकांना राहत्या जागेवरून आडनावं दिली होती. बेडोकला राहणारा तो बेडोककर. तो बँकेत होता, वयाने आमच्याहून थोडा मोठा, आणि तिथलं नागरिकत्व घेऊन मोकळा झालेला. आंग मो किओचा तो आंगमोकर. तो अकाउंटंट, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळालेला, आणि अंड्याच्या पुढे न जाणारा. मी क्लेमेंटीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायको आणि मुलीबरोबर राहायचो, म्हणून क्लेमेंटीकर. तिघांत मी एकटाच अजून एम्प्लॉयमेंट पासवर, नोकरीपुरत्या परवान्यावर होतो. पीआरचा अर्ज दोनदा परत आला होता. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागला की माणूस तिथलाच होऊन जातो, पिढ्यान्‌पिढ्या कोणी त्याला विचारत नाही. आम्ही हे गमतीने करत होतो, पण मला ते नाव मनापासून आवडायचं, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही बेडोकच्या जेट्टीवर गळ टाकून बसायचो. आजूबाजूचे चिनी म्हातारे मासे घेऊन जायचे आणि आम्ही दोऱ्याचा गुंता सोडवत राहायचो. आंगमोकर मासे खात नसल्यामुळे त्याला मिळालेला मासा तो शेजारच्या काकांना द्यायचा. काका तो बघायचे आणि परत समुद्रात टाकायचे, इतका तो बारका असायचा.

तिथेच बेडोककरने एक दिवस फोनवर फोटो दाखवले. त्याच्या ऑफिसातला कोणीतरी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाऊन आला होता. मार्चच्या शेवटापासून तिथली नर हरणं माद्यांसाठी ओरडत सुटतात, तेच शिकारीचे दिवस, आणि नद्यांमध्ये तेव्हा ट्राउट मासेही असतात. म्हणजे एका सुट्टीत दोन्ही होणार. भारतात शिकारीला बंदी, आणि सिंगापुरात तर बंदुकीचा विषयसुद्धा काढायची सोय नाही. तेव्हा आयुष्यात एकदा हे झालंच पाहिजे, असं बेडोककरने जाहीर केलं. आंगमोकरने अट घातली की तो गोळी झाडणार नाही, फक्त मासे धरेल आणि सोडून देईल. त्यावर बेडोककर म्हणाला की त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं, ते तर तू इथेही करतोस.

तयारीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी प्रोग्रॅम मॅनेजर. इतरांना सुट्टीत झोप लागते, मला याद्या सुचतात. त्याच संध्याकाळी मी 'शिकार समिती' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि एक्सेलमध्ये तक्ता तयार केला. प्रत्येकाच्या नावाची एक ओळ आणि पुढे रकाने : पासपोर्ट, व्हिसा, रजा, विमा, बूट, गाईडचा फॉर्म. काम झालं की रकाना हिरवा करायचा. लॉज चालवणाऱ्या बाईंशी आणि गाईडशी मेलवर बोलणं माझंच चाले. बुटांना जरासुद्धा माती लागलेली तिथल्या विमानतळावर चालत नाही, गळ वापरलेला असेल तर तो दाखवावा लागतो, हे सगळं मी शोधून काढलं आणि ग्रुपवर टाकलं. दोघं माझी टर उडवायचे. समितीच्या अध्यक्षांनी हरणाला मीटिंगचं निमंत्रण पाठवलं का, असं आंगमोकर विचारायचा. मला त्यात सुख होतं. ऑफिसात त्या वर्षी माझं फारसं कोणी ऐकत नव्हतं.

व्हिसासाठी कागद गोळा करायला मी नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली. बेडोककरने आपला सिंगापूरचा लाल पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला की त्याला व्हिसा लागत नाही, आम्ही दोघांनी लागावं रांगेला. आम्ही हसलो. आंगमोकरला आणि मला मात्र भारतीय पासपोर्टबरोबर सिंगापूरच्या परवान्याच्या कार्डाची प्रत जोडायची होती, पुढची आणि मागची बाजू.

त्याच आठवड्यात ऑफिसात एचआरच्या बाईंनी मला आत बोलावलं. माझ्या पासचं नूतनीकरण सरकारने नाकारलं होतं, म्हणजे नोकरीही जाणार आणि तिथलं राहणंही. त्या वर्षांत पास मिळणं अवघड होत चाललं होतं. कोणाचा तरी गेला, कोणीतरी सामान विकून परत गेलं, असं दर महिन्याला कानावर यायचं. पण ते दुसऱ्यांचं असायचं. बाई फार चांगुलपणाने बोलल्या. कंपनी अपील करणार आहे, धीर सोडू नका, असं म्हणाल्या. पासची मुदत जानेवारीच्या अखेरीपर्यंत होती. मी त्यांचे आभार मानले, जागेवर येऊन बसलो आणि पुढचा तासभर माझ्यासमोरचा स्क्रीन मला वाचता आला नाही.

बायकोला मी त्याच दिवशी सांगितलं. मित्रांना नाही. अपील आहे ना, मग कशाला बोभाटा करायचा, असं मी स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं होतं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. सात वर्षं राहून, कर भरून, चायनीज न्यू इयरला शेजाऱ्यांकडे संत्री नेऊन, शेवटी मी नको होतो. असं वाटणं शहाणपणाचं नाही हे कळत होतं, नियम हा नियम असतो, पण वाटायचं थांबत नव्हतं. बेडोककरला हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी कीव येईल ती मला सोसवली नसती.

मग मी एक गोष्ट केली, आणि तिची मला आजही शरम वाटते. आंगमोकरच्या कार्डाची मागची बाजू आली नव्हती म्हणून मी ग्रुपवर त्याला टोकलं, दोनदा टोकलं. त्याने फोटो पाठवला. मी त्याचा व्हिसाचा रकाना हिरवा केला. आणि मग खालच्या ओळीत, माझ्या नावापुढे, तोच रकाना हिरवा केला. त्यात 'ओके' असं लिहिलं. कोणी विचारलं नाही. जो सगळ्यांचे कागद तपासतो त्याचे कागद कोण तपासणार. बेडोककरने शाबासकीचा अंगठा टाकला आणि लिहिलं, "अध्यक्ष, मानलं तुला."

त्यानंतर मी थांबायला हवं होतं. उलट मी जास्तच जोमाने कामाला लागलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नोकऱ्यांचे अर्ज भरायचो आणि एकाचंही उत्तर आलं नाही की नदीचा नकाशा उघडून बसायचो. गाईडला मी इतके प्रश्न विचारले की त्याने एकदा लिहिलं, या हंगामात तुमच्याइतकी तयारी केलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. ते वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली आणि म्हणाली, "तू हे कोणासाठी करतोयस? सांगून टाक ना त्यांना." मी चिडलो. अपील मंजूर झालं तर काय करू, तेव्हा लॉजवर जागा मिळेल का, असं काहीतरी बोललो. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. घरात आम्ही दोघं हळू आवाजात बोलायला लागलो होतो, कारण मुलगी मोठी होत होती आणि तिला सगळं कळत होतं.

डिसेंबरात तिघं मिळून बूट घ्यायला गेलो. दुकानदाराने सांगितलं की हे बूट पायाला बसायला वेळ लागतो, आत्तापासून घालून चाला, नाहीतर डोंगरात फोड येतील. मी नको म्हणू शकलो असतो. पाय दुखतो, नंतर बघू, काहीही. माझे पाय मोजले जात असताना बेडोककर बाजूला उभा राहून 'आता खरा शिकारी दिसतोयस' म्हणत होता आणि मी आरशात बघून हसत होतो. घरी आल्यावर खोका मी कपाटाच्या वर टाकला. बायकोने तो पाहिला. ती काही बोलली नाही, आणि तिने बोलावं असं मला फार वाटत होतं.

अपिलाचं उत्तर जानेवारीतल्या एका गुरुवारी आलं. नाही. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. मी दुपारीच घरी आलो आणि मुलीला आम्ही दोघांनी बसवून सांगितलं की आपण पुण्याला जातोय, कायमचं. ती तिसरीत होती. तिने आधी माझ्याकडे, मग आईकडे बघितलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "देन माय स्कूल हाऊ?" पुण्यात खूप चांगल्या शाळा आहेत, असं मी म्हणालो. "आय डोन्ट वॉन्ट चांगली शाळा लाह," एवढं बोलून ती आत गेली. तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हळूच लावलं. आपण या पोरीला इथलं केलं आणि आता उपटून नेतोय, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

रविवारी सकाळी बूट पायाला बसवण्यासाठी तिघांनी तलावाभोवतीच्या जंगलवाटेवर चालायचं ठरलं होतं. मी गेलो. खोका खाली काढला, नवे बूट घातले आणि गेलो. तसल्या दमट हवेत ते जाड बूट घालून आम्ही तिघं चालत होतो आणि शेजारून चपला घातलेल्या आज्जी आम्हाला मागे टाकून जात होत्या. आंगमोकर खुशीत होता, त्याच्या बायकोने शेवटी होकार दिला होता. एका चढावर मला धाप लागली आणि वाटलं, आत्ता सांगावं. पण बेडोककर हरणाच्या ओरडण्याची नक्कल करत होता आणि दोघंही हसत होते. मी त्यांना हसू दिलं.

नंतर आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमध्ये, कोपी म्हणजे तिथली कॉफी घेऊन बसलो. बेडोककर म्हणाला की लॉजवाल्या बाईंना सोमवारपर्यंत पक्कं कळवायचं आहे, माझ्या लक्षात आहे ना. तेव्हा मात्र इलाज राहिला नाही.

"मी नाहीये येत," मी म्हणालो. "माझा पास रिन्यू झाला नाही. महिनाअखेरीला आम्ही पुण्याला जातोय."

माझा आवाज अगदी नेहमीचा होता. आंगमोकरने कप खाली ठेवला. कधी कळलं असं त्याने विचारलं, मी नोव्हेंबर म्हणालो, आणि त्याने मान खाली घातली. त्याला तो हिरवा रकाना आठवला असणार. बेडोककर वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. पुढे त्याने माझा बायोडेटा दोन-तीन ठिकाणी पाठवला, आमचा फ्रीज आणि मुलीचं टेबल विकून दिलं, विमानतळावर सोडायला आला. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी त्याच्या तोंडून आधी आलं ते वेगळंच.

"मग आता हे सगळं बघणार कोण?" तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण या लोकांमध्ये मी स्वतःला काय करून ठेवलं होतं ते मला एकदम दिसलं. सगळ्यांची कामं उरकणारा. त्याच्यावर काही संकट येईल असा कोणी विचारच केला नव्हता, आणि तो करू नये अशीच व्यवस्था मी केली होती. मी म्हणालो की जाण्याआधी मी सगळं लावून देतो. दोघांच्याही चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. मग आम्ही गाडी कोण चालवणार यावर बोललो. मी कसा आहे, घरी सगळे कसे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोललो नाही. आमच्यासारख्यांना ते जमत नाही.

घरी येऊन मी बूट काढले, लॅपटॉप उघडला आणि लॉजवाल्या बाईंना मेल लिहिली. तिघांच्या ऐवजी आता दोघंच येतील, सगळं त्या दोघांच्या नावावर करा, एकाला जमत नाहीये. तो एक मी, हे लिहिलं नाही. लिहायचं राहून गेलं असं नाही, मी टाळलं. बाईंचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी सगळे बदल केले होते. शेवटी एक ओळ होती : जो येऊ शकत नाही तो तुमचा मित्र बरा आहे ना?

गेल्या तीन महिन्यांत हे विचारणारी ती पहिली व्यक्ती होती, आणि ती मला ओळखत नव्हती. आतल्या खोलीत बायको पेटी भरत होती, मुलगी तिला कोणती पुस्तकं न्यायची ते इंग्रजीत सांगत होती. मग मी उत्तर लिहिलं. तो बरा आहे, काळजीचं काही नाही, फक्त त्याला घरी परत जावं लागतंय. चौकशी केल्याबद्दल त्याच्या वतीने आभार.