भोईर सर आणि शाईची बाटली

शाळेत शिकवलेलं मुलं विसरतात, पण निवडणुकीची ड्यूटी मास्तर विसरत नाही. शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही शाळेत मधल्या सुट्टीत दोन जुने मास्तर एकत्र बसू द्या, तिसऱ्या वाक्याला मतपेटी निघते. लोकसभेच्या इतिहासात कोण जिंकलं, कोण पडलं एवढंच लिहितात. बाकीचं सगळं आमच्याकडे साठलंय.

माझ्या बहुतेक ड्यूट्या भोईर सरांच्या हाताखाली झाल्या. ते केंद्राध्यक्ष, मी बोटाला शाई लावणारा. नियमांचं पुस्तक ते पोथीसारखं कापडात गुंडाळून आणायचे. मतदान सुरू झाल्यापासून संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा त्यांनी स्वतःच घातलेला जादा नियम.

*

नव्वदच्या दशकात साडेतीन वर्षांत तीनदा लोकसभा झाली. तिसऱ्या वेळी आमचं केंद्र म्हसा गावाजवळ होतं. एक आजोबा आले, पण बोट काही पुढे करीनात.

"मागल्या टायमाला मत दिलं त्याचं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

सरकार पडलं, म्हणून पुन्हा मत घ्यावं लागतंय, असं भोईर सरांनी नीट समजावलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्यापुढे बोट धरलं आणि म्हणाले, "यंदा जरा घट्ट धरून बसा म्हनावं त्यांना."

*

भातसानगरच्या आतल्या अंगाला एका गावाने बहिष्कार टाकला. धरणाचं पाणी समोर दिसतंय आणि बाया हंडा घेऊन दरीत उतरताहेत, हे तिथलं दुखणं. दुपारपर्यंत आमची पेटी रिकामीच. एकच्या सुमाराला एक बाई टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं कालवण आणि कळशीभर पाणी घेऊन आली.

सर म्हणाले, "अहो, तुमचा बहिष्कार आहे ना?"

"मतावर हाय. जेवनावर नाय."

तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. सर त्या दिवशी अर्धाच पेला पाणी प्यायले.

*

तेव्हा शिक्के मारायचे दिवस होते. एक नवरा बायकोबरोबर पुठ्ठ्याच्या आडोशामागे निघाला. "तिला काय कलत नाय, सर. मी दावतो." सरांनी त्याला दाराशीच थांबवलं. बाई आत गेली ती येईचना. दोन मिनिटं झाली, पाच झाली. रांग कुरकुरायला लागली.

"ताई, काही अडचण आहे का?" सरांनी विचारलं.

"नाय. शिक्का मगाशीच मारला," ती आतून म्हणाली. "इथं कुनी येत नाय ना, म्हनून जरा उभी हाय."

सरांनी तिला आणखी एक मिनिट दिलं. हे त्यांच्या पुस्तकात कुठल्या पानावर होतं, ते मी विचारलं नाही.

*

पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. टोकावड्याच्या एका ढाब्यावर चहा घेताना सर मालकाला नवी हद्द समजावत होते. मालक गावच्या रस्त्यासाठी सारखे अर्ज करणारा गृहस्थ. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हंजे वरचा पत्ता तेवढा बदलायचा. खालचा मजकूर तोच ऱ्हाऊ दे."

*

शेवटची गोष्ट मी सहसा सांगत नाही, कारण तिच्यात चूक माझी आहे.

मतदार यादी तपासायला मला एका कातकरीवाडीवर पाठवलं होतं. मी गेलो ऐन हिवाळ्यात. वाडी तेव्हा वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली. दारं दोरीने बांधलेली आणि मागे एकटी सोमीबाई नावाची म्हातारी. "पावसाच्या तोंडावर भट्टी उठली का येतील ना," ती म्हणाली. मला शनिवारी कागद द्यायचे होते. तिचं नाव ठेवलं आणि बाकी सगळ्यांपुढे 'कायमचे स्थलांतरित' लिहून मोकळा झालो.

मतदानाची ड्यूटी नेमकी तिथेच लागली. दुपारी भट्टीवरून टेम्पो आला. पन्नाससाठ माणसं धुतलेले कपडे घालून रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढे सोमीबाई. तिचं मत झालं. तिच्या मागे तिचा मुलगा काळू. त्याचं नाव यादीत नाही. त्याच्या मागच्याचं नाही. त्याच्याही मागच्याचं नाही. कुणी भांडलं नाही, आणि तेच मला लागलं.

काळू म्हणाला, "मत नाय तं नाय. पन शाई तेवढी लावा, मास्तर. भट्टीचा शेठ बोललाय, ज्याच्या बोटाला शाई नाय तो खोटं बोलून आला, त्याला पुन्हा सुट्टी नाय. पंधरा दिसांवर भैनीचं लगीन हाय माझ्या."

मत न देता शाई लावता येत नाही. सर पुस्तकाची पानं उलटत राहिले. मी त्यांच्याजवळ वाकलो आणि सांगितलं, ही नावं मी कापली आहेत.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक कापडात गुंडाळलं आणि खुर्चीतून उठले. "मी पाणी पिऊन येतो," म्हणाले. जाताना दोन्ही पार्ट्यांच्या एजंटांना खांद्यावर हात टाकून सोबत घेऊन गेले.

मी एकेकाचं बोट धरत गेलो. नखापासून पेरापर्यंत जाड रेघ ओढत होतो. घाईघाईत थोडी टेबलावरही गेली. बायकांनी पोरांना कडेवर सरकवून बोटं पुढे केली.

साहित्य जमा करायला तहसील कचेरीत गेलो तेव्हा तिथल्या क्लार्कने बाटली उजेडाकडे धरली. "सर, मतं एवढी कमी, मग बाटली तळाला कशी गेली?"

भोईर सर कागदावर सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "सांडली."